चार खाचांची पुली

२००६ च्या एप्रिलमध्ये मी माझ्दा मिआटा ही दोन आसनांची, उघडणाऱ्या टपाची गाडी विकत घेतली. गाडी १९९० सालची, म्हणजे सोळा वर्षांची. ९८,००० मैल चाललेली. किंमत २,८०० डॉलर. मी त्या वेळी डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहत होतो आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत संगणकावर बसून धातूवर पडणाऱ्या ताणांची गणिते करीत होतो. डेट्रॉइटात राहून जपानी गाडी घेतली याबद्दल कचेरीतल्या जुन्या मंडळींनी जे ऐकवायचे ते ऐकवले. घरी बायकोने एवढेच विचारले, की पुढेमागे तिसरे माणूस आले तर ते बसणार कुठे. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते नाही हे मला गाडी घेताना माहीत होते.

तरीही ती घेतली, याचे कारण त्या गाडीच्या जन्मकथेत आहे. एम.जी., ट्रायम्फ, लोटस यांच्या छोट्या उघड्या ब्रिटिश गाड्यांनी पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकन माणसाला वेड लावले होते. त्या तेल गळत, पावसात भिजत, विजेच्या तारांनी दगा देत. पण चालवणाऱ्याला आनंद देत. एम.जी.बी. १९८० मध्ये बंद झाली आणि हा प्रकार जवळजवळ संपला. बॉब हॉल हा जपानी भाषा जाणणारा अमेरिकन मोटार-पत्रकार; त्याने १९७९ मध्ये माझ्दाच्या केनिची यामामोतोंना सुचवले, की असली साधी, हलकी गाडी आता कोणी करत नाही, ती तुम्ही करा. पुढे तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली ती झाली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांनी ती पाहिली. वजन हजार किलोच्या किंचित आत, इंजिन १६०० सी.सी.चे, शक्ती अवघी ११६ अश्वशक्ती. म्हणजे सरळ रस्त्यावर कुटुंबवत्सल सेडानसुद्धा तिला मागे टाकू शकेल. पण पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळपास समसमान, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक ताठ चौकट, त्यामुळे पाय दाबला की गाडी त्याच क्षणी उत्तर देते. ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकच, हे शब्द हिराईंच्या चमूने ध्येय म्हणून समोर ठेवले होते. जाहिरातीची भाषा म्हणून मी ते प्रथम हसण्यावारी नेले. वळणाच्या रस्त्यावर गाडी नेल्यावर हसणे थांबले.

आपल्याकडे हा प्रकार रुजलाच नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची फायबरग्लासच्या अंगाची, रेनॉच्या छोट्या इंजिनाची दोन आसनी गाडी निघाली होती. पुण्यात एकदा जंगली महाराज रस्त्यावर ती मी पाहिली आणि सायकल थांबवून ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. एवढेच माझे पूर्वसंचित.

माझ्या आधी गाडी ज्या तरुणाकडे होती, त्याने तिच्यात ‘सगळे करून’ ठेवले होते. मराठीत या कृतीला नीट शब्द नाही. ‘सुधारणा’ म्हणावे तर ती बहुधा होत नाही. ‘दुरुस्ती’ म्हणावे तर काही मोडलेले नसते. गॅरेजवाले ‘मॉडिफाय केली’ म्हणतात तेच बरे. या तरुणाने गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून स्प्रिंगांची वेटोळी करवतीने कापली होती. मूळची १४ इंची चाके काढून १७ इंची बसवली होती. ती दिसायला भारदस्त, वजनाला जड आणि खड्ड्यात निर्दय. सायलेन्सर असा, की सकाळी सातला गाडी चालू केली की शेजारच्या आजी पडदा बाजूला करून बघत. मिशिगनमध्ये गाडीची ठरावीक मुदतीने होणारी सरकारी तपासणी नाही, त्यामुळे हे सगळे खपून जाते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. त्याचा आधार घेऊन उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले, तेव्हा मॉडिफायवाल्यांत मोठी हळहळ झाली. मला मात्र त्या कापलेल्या स्प्रिंगा आठवल्या.

अर्थात त्या वेळी मी इतका शहाणा नव्हतो. मला त्या तरुणाने केलेले पुरेसे वाटले नाही, एवढाच आमच्यातला फरक. दोन वर्षांत मी आसने बदलली, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, गाडी उलटलीच तर डोके वाचावे म्हणून आसनांमागे पोलादी कमान बसवून घेतली. शेवटची गोष्ट सोडली तर बाकीच्यांची गरज होती असे आज म्हणवत नाही. मग टर्बोचे वेड लागले. मिआटाच्या कुळातलेच इंजिन माझ्दाने ३२३ या गाडीत टर्बोसह वापरले होते, तेव्हा ते हा भार सहज सोसेल असे मी गणित मांडले. ताणांची गणिते हा तर माझा धंदाच. २००८ च्या मे महिन्यात ९०० डॉलर देऊन जुना टर्बो आणि त्याच्या नळ्यांचे खोके घेतले आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवले.

जूनमध्ये अण्णा आले.

अण्णा एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले फिटर. लेलँड आणि टाटाच्या इंजिनांत त्यांची चौतीस वर्षे गेली. नखांच्या कडांमधले काळे निवृत्तीनंतरही बरीच वर्षे गेले नव्हते. मी लहानपणी त्यांच्या पेटीतला पाना उचलला, तर ‘हात धू आणि अभ्यासाला बस’ हे एकच वाक्य यायचे. न ओरडता, पण त्यावर अपील नसे. त्यामुळे इंजिनियर झालो तरी पाना मी पहिल्यांदा हातात धरला तो वयाच्या एकतिसाव्या वर्षी, अमेरिकेत, आणि एका पुस्तकाच्या आधाराने.

विमानतळावरून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पाहिली. भोवतीने एक फेरी मारली, वाकून चाकामागे बघितले.

‘‘स्प्रिंगा कापल्यात?’’

‘‘आधीच्या मालकाने.’’

‘‘बसचे पाटे कोणी असे कमी केले असते तर साहेबाने सस्पेंड केला असता.’’ आणि मग कोपऱ्यातल्या खोक्याकडे बघून, ‘‘हे काय?’’

मी टर्बोचे सांगितले. किंमतही सांगितली, कारण त्यांनी विचारली. त्यांनी मनातल्या मनात त्रेचाळीसने गुणले. ‘‘ऐंशी साली माझा वर्षाचा पगार याच्यापेक्षा कमी होता,’’ एवढे म्हणून ते आत गेले. दोष देण्याचा सूर नव्हता. त्यामुळे उत्तरही देता येईना.

संध्याकाळी मी त्यांना फिरवायला नेऊ लागलो. अमेरिकेतली गाडी, त्यामुळे ते उजवीकडे बसत, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे. आणि सिग्नल जवळ आला की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबी. ऑक्टोबरात टप उघडा असताना ते माकडटोपी घालून बसले. शेजारून जाणाऱ्या एका पिकअपमधल्या माणसाने त्यांना हात केला, त्यांनी गंभीरपणे सलाम केला.

ते सप्टेंबरमध्येच म्हणाले होते, ‘‘तुझी पुली नाचतेय.’’

इंजिन चालू ठेवून मी बॉनेट उघडले होते आणि ते समोर उभे राहून, स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकत होते. क्रँकच्या टोकावरची पुली फिरताना किंचित हेलकावे खाते आहे असे त्यांचे म्हणणे. मी पाहिले, मला दिसले नाही. पुलीत रबर असते, चार सिलिंडरच्या इंजिनात एवढे कंपन असायचेच, असे मी समजावून सांगितले. क्रँकच्या कंपनांवर काही वर्षांपूर्वी मी एक अहवालही लिहिला होता, तेही सांगितले. ते ‘‘बरं’’ म्हणाले. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी मी कामावर निघताना ते पायरीवर चहा घेत बसत आणि गाडी चालू झाली की पुलीच्या बाजूला बघत.

ऑक्टोबरच्या मध्यावर आय-९४ वर गाडीतला जीव गेल्यासारखा झाला. बंद पडली नाही, पण पाय पूर्ण दाबूनही ताशी पन्नास मैलांच्या वर जाईना. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत बाजूने जात होते. घरी पोचलो तो घामाने भिजून.

त्या रात्री मी जे वाचायला हवे होते ते वाचले. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या मिआटांत क्रँकचे पुढचे टोक आखूड आहे. पुली एका बोल्टाने घट्ट बसते आणि जागेवर राहावी म्हणून खाचेत लोखंडाची एक छोटी चावी असते. तो बोल्ट कधी काढून पुन्हा नीट आवळला नाही, तर पुली डुलू लागते, चावी खाच खाते, टायमिंग सरकते आणि इंजिन मरगळते. शेवटी क्रँकच बदलावा लागतो, म्हणजे इंजिन पूर्ण खोलायचे. ओळखायची खूण सोपी: पुलीच्या तोंडावर चार खाचा असतील तर आखूड टोक, आठ असतील तर पुढे कारखान्याने सुधारलेले लांब टोक. बॅटरी घेऊन गॅरेजमध्ये गेलो. चार. आधीच्या मालकाने गाडीसोबत टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती दिली होती आणि मी ती फायलीत कौतुकाने लावली होती; बोल्ट बहुधा त्याच वेळी काढला गेला असणार. चाके, सायलेन्सर, आसने, टर्बो हे सगळे त्या डुलणाऱ्या बोटभर टोकावर चालले होते.

क्रँक बदलण्याचे पैसे नव्हते. ते २००८ चे शरद ऋतूचे दिवस होते. आमच्या कंपनीत दर शुक्रवारी काही टेबले रिकामी होत होती, आणि एच-१बी व्हिसावर नोकरी गेली तर गाडीचा नाही, देशाचाच प्रश्न होता. गाडी भंगारात देण्याचे मी जवळजवळ ठरवले. मिआटावाल्यांत एक उपाय प्रचलित होता: झिजलेली जागा स्वच्छ करून, नवी चावी आणि नवा बोल्ट घालून, मधली पोकळी लॉकटाइटच्या एका भराव-मलमाने भरायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. मी अण्णांना सांगितले.

‘‘गोंदानं इंजिन चिकटवायचं?’’

‘‘तुम्ही काय करत होता अशा वेळी?’’

‘‘वेल्डिंगनं भरायचं, लेथवर घासायचं. पण शाफ्ट बाहेर पाहिजे.’’ थोडा वेळ गेला. ‘‘मलम दाखव.’’

शनिवारी सकाळी आम्ही बसलो. रेडिएटर काढला, पट्टे काढले. बोल्ट काढताना त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि माझ्या मनगटावर स्वतःचा हात ठेवला. जोर कुठून लावायचा हे त्यांना सांगता येत नसावे, दाखवता येत होते. चावी निघाली ती एका बाजूने अर्धी झिजलेली. त्यांनी ती तळहातावर घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली. खाच साफ करायला त्यांनी जवळजवळ दोन तास लावले. मी दहा मिनिटांत संपवले असते. दुपारी काम थांबवून चहा घेताना ते म्हणाले, ‘‘तुला हे शिकवलं नाही ते बरं केलं असं मला वाटायचं.’’ मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ‘‘जुना बोल्ट परत घालू नको. वॉशरही नवा घे,’’ ते म्हणाले.

सगळे बसवून झाल्यावर त्यांनी माझ्या बायकोकडे नेलपॉलिश मागितले. तिला आधी कळलेच नाही. लाल बाटली आणून दिल्यावर त्यांनी बोल्टाच्या डोक्यापासून पुलीवर एक सरळ रेघ ओढली. बोल्ट सरकला तर रेघ तुटेल. दापोडीत यासाठी पिवळा रंग असे, म्हणाले.

रेघ तुटली नाही. ते नोव्हेंबरात परत गेले. टर्बो मी २००९ च्या वसंतात ओहायोतल्या एकाला सहाशे डॉलरला विकला. नोकरी कशीबशी टिकली होती आणि मुलगी झाली होती. तिच्यासाठी चार दारांची गाडी आली. मिआटावर मूळच्या स्प्रिंगा आणि १४ इंची चाके परत चढली. सायलेन्सर बदलल्यावर शेजारच्या आजींनी स्वतःहून केक आणून दिला. आता गाडीत मूळचे नसलेले असे ती पोलादी कमान आणि आतले मलम एवढेच उरले आहे. दर एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढली की मी आधी रेघ बघतो. अण्णा फोनवर गाडीचे विचारताना ‘‘रेघ?’’ एवढेच विचारत. २०१७ मध्ये ते गेले.

गेल्या वर्षापासून क्रँकचे पुढचे ऑईल सील पाझरू लागले आहे. सील शंभर रुपयांची वस्तू. पण ते बदलायचे तर तोच बोल्ट काढावा लागतो. मलम सोडवण्यासाठी पुली तापवावी लागेल आणि आतली खाच कोणत्या अवस्थेत निघेल हे उघडल्याशिवाय कळणार नाही. मुलगी आता सोळा वर्षांची आहे, ती म्हणते मी काढते, तुम्ही नुसते बघा. मी तिला पुढच्या महिन्यात बघू असे सांगितले आहे. तोवर गॅरेजमध्ये गाडीखाली पुठ्ठा अंथरला आहे. रात्रीतून त्यावर तीन-चार थेंब पडतात.