दिवेलागणीनंतरची इतवारी

नागपूरच्या इतवारीत भाद्रपद महिना दोन आवाज घेऊन उजाडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुद्ध प्रतिपदेला, काळी आणि पिवळी मारबत रस्त्यावर येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून चालत आलेल्या या मिरवणुकीत ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी गल्लीगल्लीतून उठते. बहुतेक वर्षी त्याच दिवशी, त्याच वस्तीतील श्वेतांबर मंदिरांत पर्युषणाचा पाचवा दिवस असतो. तेथे चौदा स्वप्नांचे दर्शन होते आणि कल्पसूत्रातून भगवान महावीरांच्या जन्माचा प्रसंग वाचून दाखवला जातो. बाहेर वर्षभराचे अमंगळ गावाच्या वेशीपार घालवले जात असते आणि भिंतीच्या आत एका जन्माची वार्ता ऐकली जात असते. आठ दिवसांतील सर्वांत उत्सुकतेचा हा क्षण ग्रंथवाचनाचा असावा, ही गोष्ट सवयीमुळे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

इतवारी ही नागपूरची जुनी पेठ. सराफा, धान्य, मसाले, भांडी आणि लागूनच असलेल्या गांधीबागेतील कापड यांच्या उलाढालीत दिवस कसा सरतो ते कळत नाही. श्वेतांबर कुटुंबांचे आठ दिवस संवत्सरीला संपतात न संपतात, तोच ऋषिपंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दिगंबरांचे दशलक्षण पर्व सुरू होते आणि परवारपुऱ्याकडील मंदिरांची वाट पहाटेपासून जागी होते. शेजारी गणपती बसलेले असतात, पुढे महालक्ष्म्या येतात. माहेरवाशिणी आलेल्या असतात. घरात कोणाचे एकासन, कोणाचा उपवास, तर कोणाची अठ्ठाई चाललेली असते. दुकानात सणाची गर्दी आणि घरात पाहुण्यांची. या साऱ्याचा भार शेवटी स्वयंपाकघरावर येतो, आणि स्वयंपाकघराचा भार घरातील दोन-तीन स्त्रियांवर.

त्या भारातही काही साधी सुखे आहेत. हिरवी भाजी वर्ज्य असल्याने मूग, वाटाणे, कढी, पापडाची भाजी यांची पाळी लागते. एरवी अडगळीत पडलेले डबे पुढे येतात आणि आजीच्या हातची चव पुन्हा घरात वावरू लागते. ओले आले चालत नाही, पण सुंठ चालते. पावसाची झड लागलेल्या दुपारी सुंठेच्या उकाळ्याचा वास जिन्यापर्यंत दरवळतो. उकळून गार केलेले पाणी झाकून ठेवलेले असते. पारण्याच्या सकाळी मुगाचे पाणी आणि सुंठ-गुळाची राब तयार होते, आणि उपवास करणाऱ्याने पहिला घोट घेतला की सारे घर समाधानाचा श्वास सोडते.

सर्वांत मोठे सुख मात्र संध्याकाळचे असते. ऑगस्टच्या अखेरीस नागपुरात सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, भांडी घासून पालथी घातली जातात आणि चूल थंड होते. शहरातील इतर घरांत जेव्हा कणीक मळली जात असते, तेव्हा या घरांतील स्त्रीचे हात मोकळे झालेले असतात. रात्रिभोजनत्यागाचा नियम अहिंसेसाठी आहे आणि त्याचे महत्त्व तेथेच आहे. तरीही त्या नियमाने घरातील बायकांना दिवसाकाठी एक निवांत तास मिळवून दिला, हेही तितकेच खरे. प्रतिक्रमण आटोपले की झोपाळ्याची कडी कुरकुरते, गॅलरीतील दिवा लागतो आणि उशीखालचे पुस्तक हाती येते.

जैन परंपरेत वाचनाला विरंगुळ्याहून मोठे स्थान आहे. सहा आभ्यंतर तपांत स्वाध्यायाची गणना होते, आणि तत्त्वार्थसूत्राने त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, मनात घोळवणे, पुन्हा म्हणणे आणि दुसऱ्याला सांगणे, असा हा क्रम आहे. या सूत्राचे अध्याय दहा आणि दशलक्षणाचे दिवसही दहा, म्हणून रोज एका अध्यायाचे विवेचन करण्याची प्रथा रुजली. सामायिकाचा काळ दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा. तो अर्थातच धर्मसाधनेसाठी राखलेला. पण त्याच मापाची आणखी एक बैठक रोज साध्या पुस्तकासाठी काढली, तर दहा दिवसांत आठ तास होतात. एक मध्यम आकाराची कादंबरी त्यात सहज वाचून होते.

पुस्तकांसाठी इतवारीकरांना फार लांब जावे लागत नाही. अग्रसेन चौकातून मेट्रोने झाशी राणी चौकात उतरले की विदर्भ साहित्य संघ येतो. १९२३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने नुकतीच शंभरी ओलांडली आहे. नागपूरच्या वाचकाचे भाग्य असे की, त्याच्या आवडीचे कित्येक लेखक त्याच्याच शहरात वावरले.

पावसाळ्यात हाती धरावे असे पहिले नाव मारुती चितमपल्ली यांचे. वनखात्यातील दीर्घ सेवेत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या अरण्यांशी त्यांचे आयुष्य जोडले गेले आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी नागपुरात राहून लेखन केले. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात त्यांचे निधन झाले. चातुर्मास हा साधुसाध्वींनी विहार थांबवून एका जागी राहण्याचा काळ. वर्षाऋतूत भूमीवर असंख्य जीव उपजतात, त्यांना पायाखाली इजा होऊ नये, हे त्यामागील कारण. ‘नवेगावबांधचे दिवस’ किंवा ‘चकवा चांदण’ वाचताना हे कारण नव्याने उमगते. तळ्यावरचे पक्षी आणि रानातील झाडे यांच्याकडे इतक्या सावकाश, इतक्या आदराने पाहणारा माणूस जीवदयेचा शब्द न उच्चारताही ती शिकवून जातो. पावसात व्याघ्रप्रकल्पांचे गाभ्याचे जंगल पर्यटकांना बंद असते. इतवारीच्या गॅलरीतून त्या जंगलात शिरण्याची वाट मात्र खुली राहते.

दुसरे नाव आशा बगे यांचे. ‘भूमी’ या कादंबरीसाठी २००६ साली साहित्य अकादमी पुरस्कार आणि २०२३ साली जनस्थान पुरस्कार मिळालेल्या या लेखिकेचे घर नागपुरातच. घर, नाती आणि संगीत हा त्यांच्या कथेचा प्रदेश आहे. सणाच्या धावपळीत जिचे स्वतःचे मन दिवसभर मागे पडते, अशा वाचक स्त्रीला त्यांच्या पानांत आपली ओळख पटते.

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक गजबजलेल्या घरात वाचावे. वडिलांच्या मृत्यूनंतर विदर्भातील वाड्यात एकत्र आलेले देशपांडे कुटुंब, खानदानाचा डौल टिकवताना झालेली ओढाताण, सारे सांभाळणारी वहिनी आणि शिक्षणाची इच्छा मनातच राहिलेली प्रभा, ही माणसे कोणत्याही मोठ्या घराला परकी वाटत नाहीत. पंगतीत हसत वाढणाऱ्या एखाद्या आत्याच्या मनातही अशी एखादी प्रभा दडलेली असू शकते, हे नाटक वाचून झाल्यावर जाणवते. क्षमापनेच्या दिवशी तिच्यापुढे हात जोडताना ते ‘मिच्छामि दुक्कडम्’ मग नुसते उपचाराचे राहत नाही.

आणि एक हिंदी ग्रंथ: आचार्य विद्यासागर महाराजांचे महाकाव्य ‘मूकमाटी’. आचार्यश्रींचा जन्म १९४६ साली बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचा आणि मातृभाषा कन्नड. नागपूरजवळच्या रामटेकच्या शांतिनाथ क्षेत्रावर त्यांचे एकाहून अधिक चातुर्मास झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत डोंगरगडला त्यांनी समाधी घेतली. या काव्याची नायिका माती आहे. ती खणली जाते, तिच्यातील खडे वेगळे केले जातात, ती तुडवली जाते, चाकावर चढते, आव्यात भाजली जाते आणि मगच मंगलघट होते. याच दिवसांत इतवारीजवळच्या चितार ओळीत गणपतीच्या मूर्तींवर अखेरचा हात फिरत असतो. तेथील चिखलाने भरलेले हात पाहून घरी येणाऱ्याला त्या काव्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ग्रंथाची पूजा या समाजाने सदैव केली. श्रुतपंचमीला शास्त्रे वेष्टनातून निघतात, त्यांना ऊन दाखवले जाते आणि ती पुन्हा बांधून ठेवली जातात. पण पूजा आणि वाचन यांत अंतर असते, आणि ते किती महाग पडू शकते याचा दाखला विदर्भानेच पाहिला आहे. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेच्या ताडपत्रांवरील प्रती शतकानुशतके दक्षिणेत मूडबिद्रीला होत्या. भाविकांना त्यांचे दर्शन घडे, वाचन मात्र घडत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या नकला झाल्या आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी संपादनाचे काम हाती घेतले. १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून निघाला आणि पुढे सोळा खंडांत हे कार्य पूर्ण झाले. त्याआधी कारंजा येथील भांडारांतील पोथ्यांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ साली नागपुरात प्रसिद्ध झालेल्या सूचीत झाली होती. त्या भांडारांतूनच पुष्पदंतांची अपभ्रंश काव्ये संपादित होऊन छापली गेली. कोणीतरी वेष्टन सोडून वाचायला बसले, म्हणून ही श्रुतसंपदा पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली.

आज इतवारीतील घरांपुढचा प्रश्न थोडा निराळा आहे. पुस्तके मिळतात, वेळही काढता येतो. पण इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवाला मराठी पान अडखळत वाचावे लागते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आजीला बारीक अक्षर लागत नाही. यावर काही घरांनी काढलेला उपाय साधा आहे. दिवेलागणीनंतर नातवाने मोठ्याने वाचायचे आणि आजीने ऐकायचे. जोडाक्षरावर तो थांबला की ती शब्द पुरा करते. एखाद्या पक्ष्याचे नाव आले की तो विचारतो आणि ती लहानपणी गावी पाहिलेला तो पक्षी वर्णन करून सांगते. वाचना, पृच्छना आणि उपदेश, स्वाध्यायाचे तीन प्रकार त्या झोपाळ्यावर एका बैठकीत घडतात. आतल्या खोलीत सूनबाईंचे पुस्तक उघडलेले असते आणि त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत तिला कोणी हाक मारायची नाही, असा घराने पाळलेला नियम असतो.

अनंत चतुर्दशीला चितार ओळीची माती पाण्याकडे निघते. ताशांचा आवाज इतवारीपर्यंत येतो, दशलक्षणाचा शेवटचा अध्याय संपलेला असतो आणि क्षमावाणीची तयारी सुरू होते. पाहुणे परततात, डबे पुन्हा फडताळात जातात. पुस्तकात खुणेला ठेवलेला कागद मात्र दहा दिवसांत बराच पुढे सरकलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर नातू आपण होऊन झोपाळ्यावर येऊन बसतो.