घाणा शनिवारी बंद

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या ७८ व्या वर्षी, मी एक नवा खेळ शिकले. वाचकांना हसू येईल. माझ्या सुनेलाही आले होते.

१९६९ साली आम्ही अलिया करून दिमोनाला आलो, तेव्हापासून मी याच घरात आहे. यजमान गेल्यावर माझा मधला नातू सोबतीला राहायला आला. तो बेरशेवाच्या विद्यापीठात शिकतो. शब्बाथ सुटला की त्याचे चार मित्र येतात, जेवणाचे टेबल अडवतात आणि मध्यरात्रीपर्यंत बोलत बसतात. मी भजी तळून देई आणि कोपऱ्यात विणत बसे. टेबलावर फासे दिसले तेव्हा प्रथम वाटले, मुले जुगार खेळतात. त्यातला एक फासा तर वीस बाजूंचा!

एके दिवशी नातवाने मला नीट समजावून सांगितले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. इथली मुले त्याला हिब्रूत 'मेवोखीम उद्राकोनिम' म्हणतात. एकजण सूत्रधार होतो आणि बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार म्हणतो, "तुम्ही नदीकाठी आहात, पूल मोडला आहे." खेळाडू म्हणतो, "मी पोहून जातो." जमेल की नाही अशी शंका असली की फासा टाकायचा. पात्र खेळाडूचे, नदी, पूल, राक्षस, राजे आणि बाकी सारे जग सूत्रधाराचे.

"म्हणजे आपलं कीर्तनच की!" मी म्हटले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या मंडळींनी बायबलातील कथांवर मराठी कीर्तने केली, हे वाचकांना ठाऊक आहेच. लहानपणी अलिबागेस मी ती ऐकली आहेत. योसेफाला भाऊ खड्ड्यात टाकत तेव्हा आम्ही मुले रडत असू. पण उठून "थांबा, टाकू नका" असे म्हणायची सोय नव्हती.

"इथे ती सोय आहे, आजी," नातू म्हणाला, "पण मीच ती बंद केली होती."

मग त्याने आदल्या वर्षीची गोष्ट सांगितली. त्याने ४० पाने कथा लिहून ठेवली होती. मित्रांनी उत्तरेच्या किल्ल्यावर जायचे असे त्यात होते. मित्रांना दक्षिणेला समुद्राकडे जावेसे वाटले. ते वळले की याचा पूल मोडे, वादळ येई, पहारेकरी आडवा होई. शेवटी एका मित्राने फासा खाली ठेवला आणि म्हणाला, "शेवट तूच सांग, आम्ही ऐकतो." तो दोन महिने आला नाही.

नातवाने मग नवे खेळ वाचून पाहिले. २००३ सालच्या 'फेट'मध्ये खेळाडू आपल्याजवळचा एक गुण खर्चून प्रसंगात स्वतःची भर घालू शकतो. २००९ सालच्या 'फियास्को'त सूत्रधारच नाही. २०१० साली व्हिन्सेंट बेकर यांनी 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये सूत्रधाराला सांगितले, की खेळाडूंना प्रश्न विचार आणि त्यांच्या उत्तरांवर पुढचे रच. पुढे काय घडणार ते तूही खेळूनच शोध.

एका शनिवारी एका मुलाला राखीव सैन्याचे बोलावणे आले आणि त्याची खुर्ची रिकामी राहिली. मला तिथे बसवले. तेलाची बुधली घेऊन फिरणारी एक विधवा, हे माझे पात्र. आमची मंडळी एका गावाशी पोचली, तेव्हा नातू माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, हे गाव तुझं. आत शिरताना पहिलं काय दिसतं?"

मी गोंधळले. माझे उत्तर काहीही असले तरी ते बरोबरच ठरेल, असा प्रश्न मला कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता.

"घाणा," मी म्हटले. "बैल गोल फिरतोय. तेलाचा वास येतोय. आणि शनिवारी तो बंद असतो."

शनिवारीच का, असे मुलांनी विचारले. मग मी आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगितली. शेजारीपाजारी आपल्याला शनिवार तेली का म्हणत, तेही सांगितले. नातवालाही त्यातले अर्धेच माहीत होते.

तीन आठवड्यांनी त्या गावात शत्रू आमच्या पाठीस लागला. एका मुलाने विचारले, "आज वार कोणता?" शनिवार होता. "मग घाण्यावर कोणी नसेल, तिथे लपू या!" नातवाने वेगळेच योजले होते. त्याने हातातला कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, "खरंच. घाणा बंद आहे." माझ्या एका वाक्याने सगळ्यांचा जीव वाचला.

"मग तुझ्या हाती काय उरलं रे?" मी नंतर विचारले. तो म्हणाला, "पुष्कळ. ज्याच्या पात्राला जे ठाऊक असेल, तेच मी त्याला विचारतो. टेबलावर एकदा बोललं गेलं की ते सगळ्यांनी पाळायचं, मीसुद्धा. आणि गुपितं माझी. चोर कोण हे खेळाडूंनीच ठरवलं, तर शोधण्यात काय मजा?"

पुरीमच्या सुमारास माझा मुलगा अश्दोदहून कागदपत्रे घेऊन आला. त्याच्या घराजवळ माझ्यासाठी जागा पाहिली होती. तिसरा मजला, लिफ्ट, दवाखाना समोर. भिंतींचा रंगसुद्धा ठरला होता. सारे मायेनेच केलेले. "आई, तुला फक्त सही करायची आहे."

नातू म्हणाला, "अब्बा, तुम्ही सगळं आधीच लिहून आणलंत. आजीनं नुसता फासा टाकायचा?"

मुलगा संतापला. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "आणि तू मला विचारलं होतंस?"

त्याला बाजाची पेटी वाजवायची होती. मी त्याला यंत्रशाळेत घातले. फी भरून आले आणि मग त्याला सांगितले. तेही मायेनेच. "नाही विचारलं," मी म्हटले. "चुकलंच माझं."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मुलाने कागद मिटले आणि विचारले, "मग कसं घर हवं तुला?"

मी सांगितले: चालत जाता येईल असे आपले सिनेगॉग, तळमजला, आणि शनिवारी रात्री पाचजण बसतील एवढे टेबल. तळमजला अश्दोदला परवडत नाही, असे तो म्हणतो. त्याच्या गुडघ्यांपेक्षा माझ्या गुडघ्यांना जास्त कळते, असे मी म्हणते. बोलणे चालू आहे. सुक्कोथला मी कुठे असेन, ते आज मला माहीत नाही, त्यालाही नाही.

तोवर शनिवारी भजी होतात. रजेवरून आलेल्या मुलाला त्याची खुर्ची परत दिली, पण माझ्यासाठी आणखी एक मांडली आहे.