वजूचं पाणी

सोलापुरातल्या ज्या मोहल्ल्यात मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, तिथे मोकळी जागा एकच, कब्रस्तान. शाळेचं पटांगण फरशीचं. १ जुलै २०१६ रोजी राज्यात दोन कोटी झाडं लावायची ठरली, तेव्हा आम्हीही भिंतीकडेच्या फरशा उखडून दहा रोपं लावली, फोटो काढले. दिवाळीच्या सुट्टीत शेळ्यांनी ती खाल्ली. अहवालात मात्र दहाच्या दहा राहिली. अहवाल मीच लिहिला होता.

पुढच्या वर्षी सातवीचा वर्ग कब्रस्तानात नेला. एका पालकांनी हरकत घेतली, "सर, बच्चों को वहां कायकू ले जाते?" ट्रस्टींनी परवानगी दिली, अट एकच : कबरींवर पाय पडता कामा नये. वर्गात कधी नसतात इतकी शांत मुलं त्या दिवशी चालली.

'दरख्त के फायदे' हा निबंध सगळ्यांना तोंडपाठ. समोरचं जुनं झाड कोणतं विचारलं, तर सगळे गप्प. पान चुरगाळून वास घ्यायला लावला, तेव्हा एकजण ओरडला, "सर, ये तो लिंब है! अम्मी इसके पत्ते गेहूं में डालती." पुस्तकातला नीम आणि घरातला लिंब एकच, हे त्याला तेव्हा कळलं. बी.एड.ला मलाही हे कोणी शिकवलं नव्हतं.

त्याने दादांच्या कबरीशेजारी लिंबाचं रोप लावलं. दोन फूट खड्डा, तळाला शेणखत, भोवती बाभळीचे काटे. खरी अडचण पाण्याची. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. मशिदीतलं वजूचं पाणी गटारात जातं, हे मुलांनीच दाखवलं. मोरीच्या तोंडाशी पिंप ठेवलं. जुहरनंतर मुलं डबे भरून नेत. बारापैकी सात रोपं जगली.

२०१९ साली उद्दिष्ट ३३ कोटींचं झालं. त्या जूनमध्ये तो मुलगा नववीत आलाच नाही, गॅरेजला लागला होता. मी दोनदा घरी गेलो. वडिलांनी चहा पाजला. "सर, आप देखरे ना घर का हाल," एवढंच म्हणाले.

जुलैत नव्या सातवीला घेऊन गेलो, तेव्हा तो गॅरेजमधून आला. हात काळे. त्याचा लिंब माझ्या खांद्याला लागला होता. काटे कसे बांधायचे, हे तोच मुलांना दाखवत होता. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "भाई, तुम कौनसी जमात में है?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डबा उचलून पिंपाकडे वळलो.