१,४२,८५७ ची गंमत

मित्रांनो, १,४२,८५७ ही संख्या वहीत लिहा आणि २ ने गुणा. २,८५,७१४ आले ना? आता ३ ने गुणा. ४,२८,५७१. अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात दुसरीकडून. ४, ५, ६ ने तुम्हीच करून बघा.

पाचवीच्या वर्गात हे घेताना मी ठोकून दिलं, "कितीनेही गुणा, हेच अंक येणार." एका मुलीने ७ ने गुणलं. उत्तर ९,९९,९९९. "चुकलीस, परत कर," मी म्हणालो. तिने तीनदा केलं. तिसऱ्यांदा वही दाखवताना डोळ्यांत पाणी. मग मीच फळ्यावर गुणाकार केला आणि गप्प झालो. पोरगी बरोबर होती.

घरी जाऊन कारण शोधलं. १ ला ७ ने भागलं की ०.१४२८५७१४२८५७... असे हेच सहा अंक फिरत राहतात. भागाकारात १ ते ६ या सगळ्या बाक्या येतात, म्हणून दोन सप्तमांश, तीन सप्तमांश यांतही तेच चक्र, फक्त सुरुवात बदलते. सात सप्तमांश मात्र पूर्ण एक, म्हणून सगळे नऊ!

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची माफी मागितली. तोवर तिने ८ ने गुणून आणलं होतं: ११,४२,८५६. "सर, पुढचा १ काढून शेवटच्या ६ मध्ये मिळवा ना."