अभिजित, श्रवण आणि बाकरवडी

शनिवार सकाळ, दुसरा चहा, आणि बायकोने लावलेलं काम: जुनी हार्ड डिस्क साफ करणे. '२०११_कावासाकी' नावाचा फोल्डर उघडला आणि काम तिथेच थांबलं. आत होता वेगाल्टा सेन्दाईच्या सीझनचा माझा एक्सेल. (हो, मी फुटबॉलचाही एक्सेल ठेवतो. हसा.)

तेव्हा मी कावासाकीत ऑनसाइट होतो. शेजारच्या डेस्कवर होते एस-सान. पन्नाशीचे, मितभाषी, मूळचे सेन्दाईचे. वेगाल्टा हे नाव 'वेगा' आणि 'अल्टेअर' या दोन ताऱ्यांवरून आलंय, हे त्यांनीच सांगितलं. म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण! जपानी कथेत हे प्रेमिक. मध्ये आकाशगंगा, आणि भेट वर्षातून एकदाच. त्या तानाबाताच्या सणाला सेन्दाईत ऑगस्टमध्ये रस्तेच्या रस्ते कागदी झिरमिळ्यांनी भरून जातात.

११ मार्च २०११, शुक्रवार, दुपारचे २:४६. ९ तीव्रतेचा भूकंप, मग त्सुनामी. आमची बिल्डिंग जहाजासारखी डुलली, बाकी काही नाही. सेन्दाईचा विमानतळ मात्र पाण्याखाली गेलेला टीव्हीवर पाहिला. एस-सान संध्याकाळभर फोन लावत होते. लागत नव्हता.

मग फुकुशिमाच्या बातम्या सुरू झाल्या. पुण्याहून आई रोज रडत होती. कंपनीने तिकीट दिलं आणि मी निघालो. एस-सानना सांगून निघालो का? नाही. संध्याकाळी सहाला ते कॉफी आणायला उठले, तेवढ्यात लॅपटॉप उचलला. घरच्यांचा ठावठिकाणा न लागलेल्या माणसाला 'मी घरी चाललोय' हे कसं सांगायचं, ते जपानीच्या कुठल्याच परीक्षेत शिकवलं नव्हतं.

इकडे जे-लीगही बंद पडली. वेगाल्टाची जेमतेम एक मॅच झाली होती, हिरोशिमाला ०-०. खेळाडू फावडी घेऊन चिखल उपसत होते. नव्याने घेतलेला ब्राझिलियन स्ट्रायकर मार्किन्योस क्लब सोडून मायदेशी गेला. कोथरूडच्या घरात ही बातमी वाचताना मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. कारण उघड आहे.

२३ एप्रिलला लीग परत सुरू झाली. वेगाल्टाची मॅच कुठे असावी? कावासाकीत. तोदोरोकी स्टेडियममध्ये, माझ्या घरापासून दोन स्टेशनं. ते आमच्या गावात आले होते आणि मी पुण्यात हापूस खात होतो. पहिल्या हाफमध्ये फ्रोन्ताले १-० पुढे. दुसऱ्या हाफमध्ये ओटाचा गोल. आणि शेवटची काही मिनिटं उरलेली असताना फ्री किकवर कामाताचा हेडर. २-१! कोच तेगुरामोरी मैदानावरच रडले. कॉम्प्युटरवर अडखळत चालणारी क्लिप मी पाच वेळा पाहिली. पाठिंब्याला आलेल्या पिवळ्या गर्दीत एक चेहरा शोधत होतो, दिसला नाही. आठवड्याने स्वतःच्या मैदानावर त्यांनी उरावाला १-० हरवलं.

मे महिन्यात परत गेलो. हातात बाकरवडीची दोन पाकिटं, ओमियागे म्हणून. पाठ केलेलं माफीचं वाक्य अर्ध्यात अडकलं. एस-सान एवढंच म्हणाले, "आई आणि बहीण सुखरूप आहेत. घराचा खालचा मजला गेला." मग बाकरवडी खाल्ली, "तिखट आहे," म्हणाले, आणि दुसरी घेतली.

एक्सेल त्याच दिवशी सुरू झाला. दर सोमवारी ते स्कोअर सांगायचे, मी भरायचो. खरं सांगायचं तर ही टीम बघायला फार देखणी नव्हती. ३४ मॅचेसमध्ये १४ विजय, तब्बल १४ ड्रॉ, ६ पराभव. गोल केले फक्त ३९. पण खाल्ले २५, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी! बचाव हेच त्यांचं भांडवल. मोठा स्ट्रायकर गेलेला, मग काय करणार? एकेक पॉइंट साठवत ५६ झाले आणि टीम चौथी आली. तोवरची क्लबची सर्वोत्तम कामगिरी. (चॅम्पियन झाले कोण, तर त्याच वर्षी वर चढून आलेले काशिवा. तीही एक गंमतच, पण ती पुन्हा कधीतरी.) पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, वेगाल्टा थेट दुसरे आले.

त्या २०१२ मध्ये मार्किन्योस जपानला परतला, पण योकोहामाकडून खेळायला. मी एकदा धीर करून एस-सानना विचारलं, "त्याचा राग येतो का हो तुम्हाला?"

त्यांनी जरा विचार केला. "त्याने जाण्याआधी क्लबला सांगितलं होतं," म्हणाले.

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या टेबलावर कॉफीचा कॅन आणून ठेवला. गरम, दुधाची, मला आवडते तीच.

एस-सान आता रिटायर होऊन सेन्दाईला असतात. वेगाल्टा २०२१ च्या सीझनअखेर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरली. २०२४ मध्ये परत वर चढायची संधी होती, तर प्लेऑफच्या फायनलमध्ये ओकायामाकडून ०-२ हरली. त्या रात्री मी एस-सानना मेल टाकली. उत्तर एका ओळीचं आलं: बाकरवडी संपली आहे.

हार्ड डिस्क साफ करायची राहिलीच. उद्या बघू.