डावं पान, उजवं पान

विहिरींच्या जागा दाखवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या कामात जे काही जमलं, ते फर्ग्युसन कॉलेजच्या भूशास्त्र विभागाचं देणं आहे.

सगळ्यात आधी विभागातले मामा आठवतात. लागले शिपाई म्हणून, पण दगडाची स्लाइड त्यांच्यासारखी कुणालाच जमत नसे. बेसाल्टचा काप कॅनडा बाल्समने काचेवर चिकटवायचा आणि कार्बोरंडमच्या ओल्या पुडीवर घासत राहायचा, ०.०३ मिलिमीटर जाडी येईपर्यंत. तेवढा पातळ झाला की काळाकुट्ट दगड आरपार दिसू लागतो. जरा जास्त घासला तर काचेवर काहीच उरत नाही. मामा मधूनमधून स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरत. फेल्डस्पारच्या काड्यांवरची पिवळी झाक जाऊन पांढऱ्या-राखाडी छटा आल्या की हात थांबवत आणि हाक मारत, "ये, बघ, उजळला." साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा मी पहिल्यांदा पाहिला तो असा.

आम्हाला शिकवणाऱ्या सरांचा दंडक एकच. फील्डबुकात डाव्या पानावर दिसलं ते लिहायचं, उजव्या पानावर वाटलं ते. घाटाच्या कापात दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसला, तर त्याचा रंग, जाडी, वरखालचा खडक हे सगळं डावीकडे. खालचा प्रवाह निवून झिजला, त्याची माती झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली, हे उजवीकडे. सरमिसळ झालेली वही सर तपासतच नसत.

विभागातल्या मॅडम तेव्हा संशोधन करत होत्या. कुकडी नदीकाठी बोरीला त्यांनी आम्हाला ज्वालामुखीच्या राखेचा थर दाखवला. डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात आणलेला तो थर. सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ही राख, असं एक मत. आर्गॉन पद्धतीने मोजता ती कितीतरी जुनी, असं दुसरं. मॅडमनी दोन्ही बाजू भर उन्हात, तितक्याच जीव ओतून मांडल्या. स्वतःचा कौल दिला नाही. म्हणाल्या, "आधी दोन्ही पेपर वाचा."

पुढे नोकरीत, कर्ज काढून विहीर खणणारा शेतकरी समोर उभा राहून विचारायचा, "साहेब, पाणी लागंल ना?" हो म्हणून टाकणं सोपं असतं. मी सांगायचो, "वरचा मांजऱ्या खडक कुजलाय, त्यात पाणी मुरतं, हे दिसतंय. खालचा काळा पाषाण अखंड असेल तर खर्च वाया जाईल. शेजारच्या विहिरीत उतरून बघू, त्याला भेगा आहेत का." काही जण चिडायचे. पण दोर घेऊन यायचेच.

निवृत्त झाल्यावर माझी फील्डबुकं विभागाला दिली. आता तिथली संशोधक मुलं अधूनमधून फोन करतात. त्यांचे प्रश्न बहुतेक डाव्या पानांवरचे असतात.