एकट्यानं बस पकडणं

दिव्यांग मुलाला कॉलेजात जागा मिळते. अडतं ते कॉलेजपर्यंत पोहोचण्यात. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या, कमाल वयात ५ वर्षांची सूटही दिली. शाळकरी मुलांसाठी वाहतुकीची सोय करा, जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या मदतनिसाचीही करा, असं याच कायद्याचं कलम १६ सांगतं. समग्र शिक्षा योजनेत प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे. पण ही योजना बारावीपर्यंतची. आणि गावातली शाळा सुटून तालुक्याच्या कॉलेजला रोजचा एसटीचा फेरा सुरू होतो, तो नेमका तेव्हाच.

मग उरते तिकिटातली सवलत. एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सूट आहे. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर साथीदाराला ५० टक्के. भाड्याचा भार यामुळे खरोखरच हलका होतो. मात्र साथीदार म्हणजे बहुतेक घरांत आई. ती सकाळी लेकाला घेऊन निघते, कॉलेजच्या आवारात झाडाखाली बसून राहते आणि तास संपले की त्याला घेऊन परत येते. तिच्या बुडालेल्या रोजाची भरपाई कुठल्याच सवलतीत नाही.

आम्हा विशेष शिक्षकांच्या कामात म्हणूनच एकट्यानं प्रवास करायला शिकवणं हा मोठा भाग असायला हवा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला हे शिकवताना घर ते कॉलेज हा एकच रस्ता घेतात आणि त्याचे बारीक तुकडे पाडतात. थांब्यावर नेमकं कुठे उभं राहायचं, पास कोणत्या खिशात ठेवायचा, खिडकीतून काय दिसलं की उठायचं. गाडीची पाटी पूर्ण वाचता यायलाच हवी असं नाही. गावाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड खिशात असतं. ते काढून पाटीशी जुळवायचं. सुरुवातीला शिक्षक शेजारच्या सीटवर बसतात, मग दोन सीट मागे, पुढे फक्त उतरायच्या थांब्यावर उभे राहतात. शेवटी उरतो तो पोहोचल्याचा फोन.

रोजचा रस्ता मुलं पक्का करतात. गडबड होते ती वेगळ्या दिवशी. गाडी रद्द होते, मिरवणुकीमुळे रस्ता वळवलेला असतो, नेहमीच्या कंडक्टरच्या जागी नवा माणूस येतो. त्यामुळे चुकण्याचाही सराव करून घ्यावा लागतो. शिक्षक मुद्दाम एक थांबा पुढे जाऊ देतात. अशा वेळी दाराकडे धावायचं नाही, कंडक्टरकडे जाऊन कार्ड दाखवायचं, हे तिथंच शिकता येतं. ‘चल, गाडीवर सोडतो’ म्हणणाऱ्याला ‘नको’ म्हणायचं, हेही घोकून घेतात.

“मॅडम, हरवला तर?” हा पालकांचा प्रश्न काही चुकीचा नसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पालकांनाही सोबत घेतात आणि मूल तयार आहे की नाही, हे त्यांच्याबरोबर बसूनच ठरवतात.

अंध मुलांचं शिक्षण वेगळं. उजवा पाय पुढे पडताना पांढऱ्या काठीचं टोक डावीकडे टेकतं, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते. मुंबईच्या लोकल स्थानकांवर राखीव डबा जिथे थांबतो तिथे बीपर वाजतो. तो आवाज पकडून उभं राहता येतं. बसचा नंबर मात्र ऐकू येत नाही. त्यासाठी आयआयटी दिल्लीत ‘ऑनबोर्ड’ नावाचं यंत्र तयार झालं. हातातलं बटण दाबलं की येणाऱ्या बसचा नंबर कळतो, पुन्हा दाबलं की बसच्या दाराशी आवाज होतो. बेस्टच्या काही बसवर त्याची चाचणीही झाली.

व्हीलचेअरवरच्या तरुणीपुढे हे सारं प्रशिक्षण पायरीपाशी संपतं. शहरी लो-फ्लोअर बसचा तळ जमिनीपासून साधारण ४०० मिलिमीटरवर असतो, नेहमीच्या बसचा ९०० मिलिमीटरच्या आसपास. लो-फ्लोअर बसला रॅम्प असला तरी गाडी फुटपाथला चिकटून उभी राहिली तरच तो नीट टेकतो. आणि थांब्यासमोर तर रिक्षा लागलेल्या असतात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१६च्या कायद्याखालच्या नियमांतला सुगम्यतेचा नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. सुगम्यतेची मानकं नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, पाळावीच लागतील असे नियम तीन महिन्यांत करा, असं केंद्राला बजावलं.

इंग्लंडमध्ये सोळा वर्षांनंतरच्या विद्यार्थ्यांच्या प्रवासाचं धोरण स्थानिक प्रशासनाला दरवर्षी ३१ मेपर्यंत जाहीर करावं लागतं. तिथेही प्रत्येकाला फुकट वाहन मिळतंच असं नाही. पण कोणाला काय मिळणार, एकट्यानं प्रवास शिकवण्याची सोय आहे का, हे सप्टेंबरात वर्ग सुरू होण्याआधी घरी कळलेलं असतं.

आपल्याकडे कॉलेजच्या प्रवेश अर्जावर दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी आणि प्रमाणपत्राचा क्रमांक विचारतात. त्याखाली आणखी दोन रकाने घालायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही: ‘रोज कसे येणार?’ आणि ‘सोबत कोण?’ उत्तरं हाती आली की पहिला तास एसटीच्या वेळेशी जुळवणं, आगारप्रमुखांना पत्र लिहिणं, त्याच गाडीनं येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना सोबतीला तयार करणं, एवढं प्राचार्यांना जूनमध्येच करता येईल.